कॉलरच्या आकाराचं भोक

दि. ४ मार्च

चि. सौ. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

मेहुण्यांची कंबर आता कशी आहे? सासूबाईंचे गुडघे जिना चढू देतात का? भाचीला नव्या चष्म्यातून फळा दिसतो ना? आणि तुझी अर्धशिशी? माझं म्हणशील तर सुईत दोरा ओवताना डोळे दगा देतात, बाकी गाडं चालू आहे. फोन खूप केले, तू उचलत नाहीस. का उचलत नाहीस ते आता कळलंय, म्हणून पत्र.

आधी माझं पाप सांगते, मग तुझं संकट. मावसबहिणीने सांगितलं, तुम्ही गाडी विकलीत. मी तोंडाने अरेरे म्हटलं, पण मनात गुदगुल्या झाल्या. तुझी ती काचेची खोली आणि तिच्यातली ती वेताची खुर्ची दहा वर्षं माझ्या डोळ्यांत कुसळासारखी सलते आहे. माझ्या शिवणाच्या दुकानात कोट सैल करायला आलेल्या एक बाई म्हणाल्या, कुणावर दावा असेल तर कोर्टाच्या वेबसाइटवर दिसतो. दुसऱ्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून मी वाचनालयातल्या कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले. 'पक्षकाराचे नाव' अशी चौकट होती, त्यात तुमचं नाव घातलं, साल घातलं. खाली वाकडीतिकडी अक्षरं दाखवतात, ती ओळखून लिहायची, म्हणजे आपण यंत्र नसून माणूस आहोत याची त्यांना खात्री पटते म्हणे. माझी तीनदा चुकली. त्या दिवशी मी माणसात नव्हतेच, चुकणारच.

चौथ्यांदा पान उघडलं. बँक विरुद्ध तुम्ही दोघं. घराच्या कर्जाचे हप्ते थकलेत आणि बँकेने घराचा लिलाव मागितलाय. गुदगुल्या तिथेच विझल्या. खाली लिहिलं होतं: समन्स बजावले, प्रतिवादी गैरहजर, दावा एकतर्फी चालवावा. पुढची तारीख अठरा मार्च. बजावणीचा कागदही उघडून पाहिला. त्यावर समन्स घेणाऱ्याची सही होती. चिमणे, ती सही माझी होती.

कर्ज काढलंत तेव्हा तुमचं घर उभं नव्हतं, म्हणून तू आईच्या घराचा पत्ता दिला होतास. बँकेची पाकिटं इथेच येत राहिली. जाड कागद, छापील नाव. मला वाटायचं, बघा, हिला बँकसुद्धा कशी थाटात लिहिते, आणि मला विजेचं बिल येतं तेही आरपार दिसणाऱ्या कागदावर. हवी असतील तर येऊन नेईल, म्हणून मशीनच्या खणात टाकली. कोर्टाचा माणूस आला, तोही मला बँकेचाच वाटला; तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या. सही ठोकली आणि सुटले. ते पाकीट तर इतकं कडक, की त्याच्या पाठीतून मी कॉलरचा नमुना कापून घेतला. आतला कागद घडी न उघडता बाजूला ठेवला होता, तो शाबूत आहे. सगळ्याच्या झेरॉक्स सोबत आहेत.

आधी वकील गाठ. रागवायचं ते नंतर रागव, मी कुठे पळून जात नाही. दोन ओळी तरी लगेच धाड.

तुझी,
ताई


दि. ८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ह्यांची कंबर आणि सासूबाईंचे गुडघे जिथल्या तिथे आहेत. माझं डोकं तेवढं जागेवर नाही. बँकेची माणसं तगादा लावतात म्हणून फोन उचलत नव्हते. दावा लागल्याचं मात्र तुझ्या पत्रातूनच कळलं. ह्यांचं काम सुटून आठ महिने झाले. कुणाला बोलले नाही, तुला तर नाहीच. तू टाळ्या पिटल्या असत्यास. आणि पिटल्यासच की!

काचेची खोली सलते म्हणतेस, मग मला काय सलतं तेही ऐक. आईचं मशीन तुझ्याकडे. आईची शेवटची दोन वर्षं तुझ्याकडे. तुझा टाका पाहून ती मान डोलवायची. माझ्याकडे आली तेव्हा सगळं घर फिरून काय म्हणाली, तर काचांवर डाग आहेत. त्या दिवसापासून मी रोज काचा पुसते. ती खोली मी कुणाला दाखवायला बांधली असं वाटतं तुला?

वकीलबाई म्हणतात, निकाल लागण्याआधी अर्ज दिला तर आपली बाजू मांडता येईल. पण समन्स आमच्या हाती पडलंच नाही, हे सही करणारीने शपथेवर लिहून द्यायला हवं. 'कामाच्या गडबडीत नजरचुकीने राहून गेले' असा मसुदा त्यांनी केलाय, तो पाठवते. खाली सही कर. एवढं तरी करशील ना?

अजून तरी तुझीच,
चिमणी


दि. १३ मार्च

चि. सौ. चिमणीस,
आशीर्वाद, घेणार असशील तर.

मसुदा पोचला. सही केली नाही. थांब, पत्र चुलीत घालू नकोस, पुढे वाच. नजरचुकीने पाकीट राहतं गं, पण नजरचुकीने कॉलर कापली जात नाही. बँकेचा वकील ते भोक बघून विचारेल, बाई, कात्री चालवलीत आणि नाव वाचलं नाहीत? तिथे मी खोटी पडले तर घर तुझं जाईल. आणि नाव मी वाचलं होतं. दर वेळी वाचलं होतं.

म्हणून माझं मीच लिहिलं. की माझ्या बहिणीचं घर माझ्या घराहून चांगलं आहे. मला तिचा हेवा वाटतो, त्यापायी तिची पाकिटं मी मुद्दाम पोचवली नाहीत. आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं, आणि पाकिटं आली हेच तिला ठाऊक नव्हतं. वकीलबाईंनी फोनवर बजावलं, हे वेबसाइटवर चढेल, तुमची गिऱ्हाइकं वाचतील. मी म्हटलं, त्यांना माझ्या शिलाईशी मतलब. म्हटलं खरं, पण सही करायच्या आधी दुकानाचं दार लावून घेतलं. पंचवीस वर्षं गल्लीत 'सरळ बाई' म्हणून मिरवले, ते एका कागदात उसवलं.

आणि एक. आई ती शेवटची दोन वर्षं येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तुझी काचेची खोली वर्णन करून सांगायची. कुठून ऊन येतं, कुठे खुर्ची आहे, सगळं. मी मान खाली घालून मशीन चालवायची. नाहीतर मला एवढी का सलली असती?

अठराला पाकीट आणि कॉलर दोन्ही घेऊन येते. मला स्वयंपाकघरात बसव, त्या खोलीत नको.

तुझी,
ताई


दि. २ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

नीट पोचलीस ना? डोळे दाखवलेस का? खांदा गाडीत आखडला होता, तो सुटला का?

आज कोर्टाची वेबसाइट उघडली. ती वाकडी अक्षरं माझी पहिल्याच झटक्यात जुळली, म्हणजे मी माणूस आहे, नोंद घे. हुकूम चढलाय: अर्ज मंजूर, म्हणणं मांडायला तीस दिवस, तोवर लिलाव नाही. घर वाचलं असं अजून म्हणवत नाही. बँक हप्ते कमी करण्याचं बोलते आहे, पण खोली भाड्याने द्यावी लागेल. काचेचीच. ऐकून बरं वाटलं असेल, वाटू दे, हिशेब माहीत आहे तुझा.

तुझं प्रतिज्ञापत्र चारदा वाचलं. तुझ्या भाचीलाही वाचून दाखवलं. 'मला तिचा हेवा वाटतो', शपथेवर, शिक्क्यासकट! ज्यासाठी दहा वर्षं काचा पुसल्या, ते शेवटी कोर्टातून मिळालं. आणि आईचं ते तू लिहिलेलं पान मी कपाटात वेगळं ठेवलंय.

पण एक सांगते. प्रतिज्ञापत्राखाली पाकिटाचा फोटो जोडलाय, मधोमध ते कॉलरचं भोक. कडा इतक्या सुबक, की वकीलबाई म्हणाल्या, काय हात आहे हो तुमच्या बहिणीचा! झालं, माझं पित्त पुन्हा खवळलं. माझ्या घराचा खटला, आणि त्यातही कौतुक तुझ्या कात्रीचं!

पत्र लवकर टाक. आणि पाकिटावर माझ्या घरचाच पत्ता घाल. अजून तोच आहे.

तुझी,
चिमणी