खिंडीपलीकडे दादा दिसला नाही

प्रिय वहिनी,

परत येऊन आठवडा होत आला, पण मी एका जागी बसूच शकत नाहीये. एवढं लिहितानाही दोनदा उठले. एकदा गॅस बंद आहे का बघायला, आणि एकदा उगाच. येणारा-जाणारा विचारतो, "काय मग, कसं होतं आल्प्स?" मी मोबाईल काढून फोटो दाखवते. गळ्यात घंटा बांधलेल्या गाई, बर्फ, कानटोप्या घातलेले दादा आणि मी. सगळे "वा, वा" म्हणतात. त्या खिंडीत काय झालं ते मात्र मी कुणालाच सांगितलेलं नाही. घरात ह्यांनाही नाही. आणि सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मग पहिलं तुलाच का नको?

खरं तर दादाबरोबरची ती जागा तुझीच होती. मों ब्लां शिखराला वळसा घालणारी ती वाट, पाठीवर सामान घेऊन फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड पायी. "आयुष्यभर पोरांना फळ्यावर हिमनदी काढून दाखवली, एकदा खरी बघू दे," म्हणायचीस. त्यासाठी आम्हां दोघांना पाठीवर तांदळाच्या पिशव्या घेऊन अंजनेरी चढायला लावलीस! मी तर तुमच्याबरोबर येणारही नव्हते, तरी लावलीस. साल्हेरचा किल्ला चढताना तू इतकी पुढे असायचीस की दादा मागून ओरडायचा, "अगं ए, नवरा मागे राहिला!" तू वळूनही बघायची नाहीस. नुसता हात मागे हलवायचीस.

आणि पोटात दुखत होतं, ते? "पित्त झालंय गं, दुसरं काही नाही." किती महिने पित्त, वहिनी? उन्हाळ्यात स्वादुपिंडाचा कॅन्सर कळला आणि दिवाळीच्या आत तू गेलीस. तुझ्यावर रागावू नये म्हणतात. मी रागावते. इतकी वर्षं एका घरात राहून एका ताटात जेवलो आपण, आणि तू मला पित्त सांगितलंस!

तू गेल्यावर दादा रडला नाही. तो चालायला लागला. अंबडच्या कारखान्यातून सुटला की घरी यायच्याऐवजी पांडवलेणीच्या डोंगरावर. सुट्टीच्या दिवशी सकाळी निघाला की अंधार पडल्यावर परत. जेवतानाही पाय हलत असायचे. सटाण्याहून तुझ्या आईचा फोन आला की तो माझ्या हातात द्यायचा आणि बूट घालायला लागायचा.

मी म्हटलं, "दादा, आल्प्सचं रद्द करू."

"नाही. जायचं."

"कशाला पण?"

"तिने ठरवलंय."

ठरवलं होतं नाही, ठरवलंय! मग त्याला एकट्याला कसं सोडणार होते मी?

तिकडे पाट्यांवर पुढचा टप्पा किती दूर ते लिहीत नाहीत, किती वेळ लागेल ते लिहितात. दादाने त्या पाट्यांशी जणू शर्यतच लावली होती. पाटीवर लिहिलेल्या वेळेच्या निम्म्यात पोचायचं आणि दम खायच्या आत पुन्हा निघायचं. त्या दिवशीचा पल्ला सगळ्यात लांबचा होता, फ्रान्समधून खिंड चढून पलीकडे इटलीत उतरायचं. सकाळी छान ऊन होतं. चढताना तुझी हिमनदी दिसली. अगं, मळकट असते ती! रस्त्याच्या कामावर खडी-सिमेंट ओतून ठेवतात ना, तशी. तरी मी वाटेतच थांबले.

"दादा, थांब ना. बघ तरी!"

"उतरताना बघू," तो म्हणाला आणि चालू लागला. आम्ही उतरणार होतो दुसऱ्या बाजूने! हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

मग ढग खाली आले. त्याचं निळं जॅकेट लहान लहान होत गेलं आणि धुक्यात दिसेनासं झालं. मी खिंडीत पोचले तेव्हा वारा उभं राहू देत नव्हता. दगडांची एक रास, हद्दीची खूण, आणि दादा नाही. वर थांबायचं असं सकाळीच ठरलं होतं. मी पलीकडे उतरायला लागले. गारा सुरू झाल्या. समोरून एक मुलगी वर येत होती. तिला विचारलं, निळ्या जॅकेटचा माणूस भेटला का? तिने मान हलवली. खालपासून इथपर्यंत तिला कुणीच भेटलं नव्हतं.

वाटेवर नाही, तर मग कुठे? ओरडले तर आवाज वारा घेऊन जायचा. मी परत वर धावले. तेव्हा डाव्या अंगाच्या बर्फाच्या पट्ट्यावर बुटांचे ताजे ठसे दिसले, वाट सोडून गेलेले.

तो एका खडकाला टेकून बसला होता. त्याच्या पुढ्यातला बर्फ तिरका होत थेट धुक्यात गेला होता. हातातल्या दोन काठ्यांपैकी एक नव्हती. घसरून गेली असणार.

"दादा! इकडे कुठे आलास?"

त्याने धुक्याकडे बोट केलं. मग म्हणाला, "एक बाई पुढे चालली होती. चाल तशीच गं, मनू. हातसुद्धा तसाच मागे हलवला तिने."

"दादा..."

"माहीत होतं मला. वेडा नाहीये मी. तरी पाय गेले."

"मग?"

"मग ती वळली. कुणी म्हातारी गोरी बाई होती. हसली आणि गेली पुढे. मला पुढेही जाता येईना आणि मागेही." उरलेली काठी त्याने बर्फात रोवली. मग म्हणाला, "मनू, ती मेली गं."

इतक्या महिन्यांत हा शब्द त्याने पहिल्यांदा उच्चारला. आणि मग जो रडायला लागला! गारा डोक्यावर आपटत होत्या, हातमोजे भिजले होते, तो थरथर कापत होता. मी त्याला मिठी मारली. थोड्या वेळाने मात्र मला भीती वाटली. त्याचे ओठ निळे पडायला लागले होते.

"ऊठ. रडायचं तर चालत चालत रड. इथे गारठून मेलास तर वहिनी मला फोडून काढेल."

रडता रडता हसला तो. उठला. खालच्या मुक्कामाच्या घरापर्यंत मी त्याच्या जॅकेटची बाही सोडली नाही. तिथे गरम सूप प्यायला आणि बूट न काढता झोपला. सकाळी म्हणाला, "बस झालं. घरी जाऊ." आम्ही बसने खाली उतरलो. पुढची वाट राहिली, स्वित्झर्लंड राहिलं. तुला वाईट वाटलं का गं?

आता दादा शांत झोपतो. कारखान्यातून सरळ घरी येतो. झोप गेलीय ती माझी. ती बाई वळली नसती तर? आणखी थोडी पुढे जाऊन वळली असती तर? भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, हेच डोक्यात. मग मी उठते आणि बघून येते, दादा घरात आहे ना.

आज सकाळी चहा पिताना तो एकदम म्हणाला, "सटाण्याला जाऊन येऊ. तेराव्यानंतर आईंना भेटलोच नाही मी." तुझी आई दारातच विचारणार, "जवाईबापू, कथा व्हतात इतला दिन?" इतके दिवस कुठे होता, हे तो काय सांगणार आहे, वहिनी? त्याला तिथूनच पळावंसं वाटेल.

पण मी बरोबर असेन. तो दारातून मागे वळला तर हाताला धरून आत नेईन. त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही तर आईंच्या शेजारी बसून तुझ्याबद्दल मीच बोलेन, त्यांना हवं तितकं. त्या रडतील, दादा रडेल, तरी पाणी पिऊन लगेच उठणार नाही आम्ही. जेवू. मुक्कामाला राहू. हे तुला माझं वचन.

तुझीच,
मनू