ठिपक्याकडे बघायचं नाही

आये, मेंदूचा फोटो काढतात असं तुला सांगितलं असतं तर तू मला वेड्यात काढलं असतंस. गेल्या महिन्यात मी माझा काढून घेतला. म्हातारपणी मेंदू कसा बदलतो याचा मुंबईतल्या एका संस्थेत अभ्यास चालू आहे, त्यांना साठीपुढची माणसं हवी होती. मी स्वतःहून नाव दिलं. कारण तुझा नातू. माझ्याकडून दोनदा गॅस चालू राहिला, तेव्हापासून त्याने एकच धरून ठेवलंय, पाचूबंदरचं घर बंद कर आणि नायगावला माझ्याकडे ये. बाराव्या मजल्यावर माझ्यासाठी खोली काढून ठेवलीय म्हणे. म्हटलं, माझं डोकं फिरलंय का ते आता मशीनलाच विचारू.

आधी मशीनच्या बोगद्यात निजवलं. डोकं हलवायचं नाही, आणि कानाशी नुसती ठोकाठोक, होडीला खिळे मारतात तशी. मग दुसऱ्या खोलीत हनुवटी टेकवून पडद्यासमोर बसवलं. बुबुळ कुठे वळतं ते तिथला कॅमेरा टिपतो. तिथल्या मुलीने समजावलं, ठिपका डावीकडे उमटला की उजवीकडे बघायचं, उजवीकडे उमटला की डावीकडे. ठिपक्याकडे बघायचं नाही. वय झालं की मेंदूचा ब्रेक ढिला होतो, डोळा आपसूक ठिपक्याकडे धावतो, तेव्हा चुकलात तरी वाईट वाटून घेऊ नका, असंही वर म्हणाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आणि आये, मी चुकलेच नाही म्हटलं तरी चालेल. ठिपका उमटला की मी आठ वर्षांची आहे, किनाऱ्यावर तुझे बोंबील वाळताहेत, ते टांगलेल्या बांबूच्या वलांडीखाली मी काठी घेऊन राखण करतेय. एक कावळा डाव्या टोकाला बसून मुद्दाम कलकलाट करतो, मी त्याच्यावर धावून जाते, तेवढ्यात दुसरा उजवीकडून बोंबील ओढून पसार. तू मागून येऊन पाठीत धपाटा घालतेस. "वराडतो त्याला नको बगू. दुसरा कोन येतो त्याला बग." किती धपाटे खाल्ले असतील मी! मुलीने विचारलं, आजी, आधी कुठे सराव केला होता का? मी म्हटलं, हो, आईच्या हाताखाली.

शब्द लक्षात ठेवायचे होते तिथे मात्र माझी पंचाईत झाली. निम्मे गळाले. शेवटी निकाल लेखी मागितला तर मुलगी म्हणाली, हा अभ्यास आहे, तपासणी नाही, सगळ्यांचं एकत्र करून बघतात, एकेकाला कागद देत नाहीत. म्हणजे मुलाच्या तोंडावर फेकायला हातात काहीच नाही. नसू दे. रविवारी तो आला तेव्हा मी सगळं सांगितलं, गळालेल्या शब्दांसकट. आपोआप बंद होणारी शेगडी आणून दे म्हटलं, रोज सकाळी फोन कर म्हटलं. तो म्हणाला, आई, हट्ट करू नको. "मला काय जमत नाही तेवढंच तू बघितलंस," मी म्हटलं. "काय जमतं ते विचारलंस कधी? मी इथून हलणार नाही." तो चहा न घेताच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. आवाज घुश्श्यातच होता, पण आला.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून आता हेही लिहिते. तू मला मावशीच्या नावाने हाक मारायला लागलीस, त्या वर्षी मीच तुला मासळी बाजारातून उठवून घरी बसवलं. मी शाळेतली बाई, लोक काय म्हणतील याची मला लाज. तू दाराशी बसून रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकीची टोपली थांबवायचीस, कल्ले उघडायच्या आधीच सांगायचीस, हा कालचा, हा आजचा. माझ्यासमोर एकदाही चुकली नाहीस. मला ते दिसत होतं. मी दार लावून घ्यायचे.