खिंडीत दिलेली घोंगडी

४ जून

आज अगाथाची फार आठवण आली. मठाच्या शाळेत आम्हा दोघी बहिणींना थंडीत एकच घोंगडी असायची. पहाटेची घंटा व्हायच्या आधी ती आपले बर्फासारखे पाय माझ्या पाठीला लावी. मी "सरक ना, मेले!" म्हणून करवादत असे आणि लगेच तिला जागा करून देत असे.

इथे डोंगरात येऊन मला फार बरं वाटतंय. निवृत्त नर्सला कोण विचारतं? पण मिशनच्या दवाखान्याला खिंडीपलीकडच्या वस्तीवर दर गुरुवारी औषधं पोचवणारं कुणी मिळत नव्हतं. जून-जुलैच्या आमच्या हिवाळ्यात घोडे घसरतात, चालतच जावं लागतं. चालायला मी एका पायावर तयार असते. खोली गोल, दगडी, गवताने शाकारलेली आहे. चुलीत शेणी छान पेटतात. शेजारची मालिसेबो मक्याची घट्ट लापशी आणि पालेभाजी घेऊन आली, आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

वाट दाखवायला घोडेवाले लेबोना आहेत; मी त्यांना न्ताते, म्हणजे बाबा, म्हणते आणि ते मला म्मे, म्हणजे आई. माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "म्मे, खिंड चढून जाल हो तुम्ही, पण गुडघे मात्र इथेच ठेवून जावे लागतील."

६ जून

गुडघ्यांसकट जाऊन आले! लेबोनांनी मला बुटांवरून जुने लोकरी मोजे चढवायला लावले. त्याने गोठलेल्या वाटेवर पाय घसरत नाही. ओढा मुका झाला होता. श्वास घोंगडीच्या काठावर पांढरा होऊन बसत होता. खिंडीत वाटसरूंनी रचलेली दगडांची रास आहे. तिच्यावर आपलाही एक दगड ठेवायचा आणि मगच पुढे जायचं.

घोंगडी माझ्या लग्नातलीच, कणसांच्या नक्षीची. सासूबाईंनी ती माझ्या खांद्यांवर टाकली आणि म्हणाल्या, "आता तू आमच्या घरची." तेवढ्याने मी त्यांची झाले. पाद्रीबाबांनी केलं ते सगळं नंतर.

१४ जून

मालिसेबोचा नवरा मोहापी गेल्या हिवाळ्यात खाणीवर जायला म्हणून खिंडीतून निघाला आणि त्याच दुपारी बर्फ पडलं. खाणीवर तो पोचला नाही. देहही सापडला नाही.

आमच्यात मेलेल्या माणसाचे कपडे त्याच्या मामाने नातेवाइकांत वाटायचे असतात. त्याशिवाय तो मोकळा होत नाही. मामा दोनदा येऊन गेले. मालिसेबोने त्यांना दारातूनच परत पाठवलं: जित्या माणसाचे कपडे कसले वाटता? त्याच्या जास्तीच्या बुटांना ती अजून चरबी चोळते. नळावर बायका चिडवतात, "अगं, तो येईल तेव्हा पाय सुजलेले असतील, बूट शिरायचे नाहीत!" तीही हसते. मला मात्र पाणी भरवेना.

२० जून

खिंडीत धुकं उतरलं. लेबोना पाठीवर ओझं घेऊन पुढे निघून गेले होते. दगडांच्या राशीपाशी एक माणूस माझ्याकडे पाठ करून बसला होता. अंगात नुसता निळा सदरा, पायांत काही नाही. मला वाटलं, वाट चुकलेला मेंढपाळ असेल. माणूस असा गोठायला लागला की काही वेळाने कुडकुडणंही थांबतं. तो कुडकुडत नव्हता.

मी माझी घोंगडी काढून त्याच्या खांद्यांवर टाकली. म्हटलं, बाबा, खाली माझ्या घरी ये, चूल पेटलेली आहे. त्याने मान हलवली. डावा कान वरून फाटलेला होता. लेबोनांना बोलावून आणते तोवर तिथे कुणीच नव्हतं.

लेबोनांनी विचारलं, सदरा कसला? मी सांगितलं. कान? तेही सांगितलं. उतरताना त्यांनी एकदाही थट्टा केली नाही.

२२ जून

लेबोना उंबऱ्याबाहेरच उभे राहून बोलले. मोहापीचा कान लहानपणी कुत्र्याने फाडला होता. म्हणाले, "भाकर दिली असती तर चाललं असतं, म्मे. तुम्ही घोंगडी घातलीत. घरात घेतलंत त्याला."

मी शिकलेली बाई. मी हसले.

दारापर्यंत अनवाणी पावलं आली आहेत. परत गेलेली नाहीत.

२५ जून

चुलीजवळच्या स्टुलावर बर्फ साचलंय. वितळत नाही. शेणी धडधडून जळताहेत आणि ऊब नाही. ताप बघावा म्हणून थर्मामीटर तोंडात धरला — पारा चढलाच नाही. झटकून पुन्हा लावला. तेच.

मालिसेबोच्या पाया पडले. म्हटलं, बाई, मामांना बोलव, त्याचे कपडे वाट, त्याला मोकळा कर. तिने एवढंच विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलला का तो?" आणि मग, "तुमचं माणूस असतं तर वाटले असते का हो तुम्ही?"

बुटांचा जोड छातीशी धरून ती निघून गेली.

२६ जून

खालची वाट बर्फाने बंद. लेबोना म्हणतात, घोडे माझ्या घराकडे यायला तयार नाहीत.

जपमाळ हातात धरवत नाही. बोटं —

तो स्टुलावर बसतो. नुसता माझ्याकडे —

२७ जून

गुरुवार. भर दुपार. लिहीत होते. मागून कुणीतरी माझ्या खांद्यांवर घोंगडी टाकली. माझीच. कणसांची नक्षी. लाकडासारखी ताठ, गोठलेली. सासूबाईंनी टाकली होती तशीच, दोन्ही हातांनी, सावकाश —

आता मी त्याच्या घरची.

काढता येत नाही. दार उघडं आहे. तो बाहेर थांबलाय, खिंडीकडे तोंड करून.

अगाथा, लवकर लिहिते. देह सापडायची वाट पाहू नका. आपले मामा आता नाहीत, म्हणून त्यांच्या मुलाने, फ्रान्सिसने, वाटणी करावी. लगेच. जपमाळ आणि आईची वाटी तुला. बूट, मोजे लेबोनांना. औषधांची पिशवी, थर्मामीटर पुढच्या नर्सला. कपडे फ्रान्सिसच्या मुलींना, एकही मागे ठेवू नका. मालिसेबोला काही देऊ नका, ती जपून ठेवील —

घोंगडी शोधू नका. सापडली तर पांघरू नका.

आणि अगाथा, तूही माझं काही जपून ठेवू नकोस गं. माळसुद्धा नको, देऊन टाक कुणाला. पहाटे कुणी पाठीला गार पाय लावले तर जागा करून देऊ नकोस. मी असले तरी नको. मी कितीही विनवलं तरी —