साउंड कार्ड आणि किरकिर

३ फेब्रुवारी, मंगळवार
रेडिओ केंद्रातून संपादकबाईंचा फोन. "तुमच्या वार्तापत्रात किरकिर आहे."
विचारलं, मजकुरात की आवाजात?
"आवाजात. मजकुरातली आम्ही कापतो!"
दोन शनिवारांत सुधारलं नाही तर वार्तापत्र दुसऱ्याकडे. म्हणजे दुसरा ठरलेला दिसतो! किरकिर हे निमित्त.

४ फेब्रुवारी, बुधवार
हेडफोन लावून ऐकलं. किरकिर आहे. बाईंवरचा अर्धा संशय मागे घेतला. अर्धा ठेवलाय.

पाठशाळेत शिकलेला अन्वय-व्यतिरेक कामाला लावला – जे असता किरकिर असते आणि नसता नसते, ते कारण. पंखा बंद केला. फ्रिज बंद केला. दिवे घालवले. अंधारातून हिचा आवाज, "मी श्वास बंद करू का आता?"

किरकिर कायम. उरला फक्त संगणक.

लेक नेहमीप्रमाणे टेबलाशेजारी खुर्चीत मांडी ठोकून, फोनची वायर माझ्या सीपीयूत खुपसून. तिच्या खोलीतला प्लग म्हणे सैल आहे. दोन वर्षं सैलच आहे. दुरुस्त करायचं नाव काढलं की विषय बदलते.

"बाबा, मदरबोर्डावरचा आवाज म्हणजे फुकटात आलेला. साउंड कार्ड घे."

एवढा आग्रह का? रविवारी नोकरीच्या गावी निघाली आहे. जाता जाता बापाला मार्गी लावायचा बेत दिसतो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
संगणकवाल्याकडे. "काका, बोर्डावरचा आवाज म्हणजे चाळीतली खोली. शेजारी सगळे बडबडणार. कार्ड म्हणजे स्वतंत्र बंगला."
उपमा फार तयार होती. रोज किती जणांना देतो कोण जाणे. सोबत आलेल्या लेकीकडे बघून हसलाही. संगनमत!
कार्ड घेतलं.

८ फेब्रुवारी, रविवार
सकाळी तिने कार्ड बसवलं. "माइकची पिन आता कार्डात घाल हं. जुन्या भोकात नको."
म्हटलं, मला शिकवू नकोस.
दुपारच्या गाडीने गेली. स्टँडवर डोळ्यांत धूळ फार.
परत येऊन पिन लावली. गुलाबी पिन, गुलाबी भोक – यात काय शिकायचंय?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
वार्तापत्र पाठवलं. बाई म्हणाल्या, "आता कसं! शनिवार तुमचाच." किरकिर नावाला नाही. आवाज इतका स्वच्छ की माझाच मला परका वाटला.
घरही तसंच. स्वच्छ.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
सीपीयूमागची धूळ पुसायला वाकलो, आणि बघतो तर पिन जुन्याच भोकात! बोर्डाच्या. गुलाबी भोकं दोन आहेत, हे कुणी सांगितलं नाही. (सांगितलं होतं.)
म्हणजे बंगला रिकामा, मी चाळीतच. मग किरकिर गेली कुठे? नुसतं शेजारी बसून कार्डाने बोर्डाला वळण लावलं? बाईंचं कौतुक खोटं म्हणावं, तर मीही कानांनी ऐकलंय. संगणकवाल्याने आत काही केलं म्हणावं, तर तो घरी आलाच नाही.
हिला विचारलं, त्या रविवारपासून घरात काय बदललं?
ही "खरंच विचारताय?" म्हणाली आणि उठून गेली.
हिचंही काहीतरी चाललंय.

२१ फेब्रुवारी, शनिवार
लेक दोन दिवसांसाठी आली. वाळलीय. म्हणते, नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार
सकाळी माइक तपासत होतो. ती आली, खुर्चीत मांडी ठोकली, फोनची वायर सीपीयूत खुपसली – आणि हेडफोनमध्ये किरकिर!
अन्वय झाला. व्यतिरेक दोन आठवडे भोगलाच होता.
"काय रे बाबा, आवाज येतोय का परत? काढू वायर?"
म्हटलं, राहू दे. रेकॉर्डिंग उद्या करू.
हेडफोन दुपारपर्यंत काढला नाही.