खोक्याच्या मागचे आकडे

ता. १४ मे, मंगळवार

प्रिय कौसाबाई,

तुझा थर्माकोलचा डबा मिळाला. वडवणीच्या स्टँडवर येईपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं, पण दोन्ही पिझ्झे अजून टणक होते. ट्रॅव्हल्सवाला बंकट डबा हातात देताना म्हणाला, आण्णा, पुण्याहून लेकी औषधं पाठवतात, तुमची लेक हे काय पाठवते? मी म्हणालो, औषधच आहे बाबा, फक्त कुणा डॉक्टरनं लिहून दिलेलं नाही. घरी आल्यावर डब्यातलं बर्फाचं पाणी तुझ्या मायनं ओट्यावरच्या तुळशीला घातलं. टँकर आता चौथ्या दिवशी येतो. पुण्याचं पाणी पिऊन तुळस माजंल, असं तिचं आपलं बोलणं चालू होतं.

फोन असताना हा म्हातारा पत्र का लिहितो, असं तुला वाटेल. अर्जुनराव गुरुजींनी आम्हाला पत्र शिकवलं तेव्हा कारण पहिल्याच ओळीत लिहायला लावलं होतं. उशिरा लिहिलं की पट्टी. पण आजचं कारण पहिल्या ओळीत बसेना. दोनदा लिहून खोडलं. आता ते खाली येईल तेव्हा येईल. तोवर तू घाई करून शेवट वाचू नकोस. लहानपणी धड्याचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

आधी पिझ्झ्याचं सांगतो. गेल्या दिवाळीला तुझ्या ईश्वरीनं तो तव्यावर झाकण ठेवून भाजला आणि आजीच्या तोंडात पहिला घास घातला, तेव्हा मी मनात म्हणालो, आता थुंकते की काय. डायलिसिस सुरू झाल्यापासून तिच्या तोंडाला चवच नव्हती. भाकरी पत्र्यासारखी लागते म्हणायची, वरण गंजासारखं. आणि तिनं तो घास चावला, डोळे मिटले आणि बोटं चाटली. ईश्वरीला वाटलं, आजी मॉडर्न झाली. मला मात्र तिनं मागाहून सांगितलं, की त्याच्या करपलेल्या कडेला खरवडीची चव आहे. दुधाचं पातेलं रिकामं झालं की तळाला करपलेलं जे राहतं ना, उलथन्यानं काढायचं, ती खरवड. तुझी माय ती तुझ्यासाठी काढून ठेवायची, आठवतं का? स्वतः कधी खाल्लेली मी पाहिली नाही. मी समजायचो, तिला आवडत नसेल.

तर मी काय केलं, खोका उलटा केला आणि मागचे आकडे वाचायला बसलो. अठ्ठावीस वर्षं गावच्या दूध संस्थेत दुधाची फॅट लावली मी. काचेच्या नळीत तेजाब, त्यावर दूध, मग ते यंत्र गरागरा फिरवायचं आणि नळी डोळ्यासमोर धरून पिवळ्या रेघेचा आकडा वाचायचा. साऱ्या गावानं माझ्या डोळ्यावर विश्वास ठेवला. आकडा दिसला की वाचल्याशिवाय माझ्याच्यानं राहवत नाही. खोक्यावरची अक्षरं मुंगीपेक्षा बारीक, म्हणून भिंगानं वाचली. शंभर ग्रॅममागे ऊर्जा दोनशे बासष्ट, स्निग्धांश दहा पूर्णांक दोन, प्रथिनं दहा पूर्णांक आठ. इथवर मला आनंदच झाला बघ. बीडच्या दवाखान्यातल्या आहाराच्या बाई कधीच्या सांगत होत्या, आजींच्या अंगात प्रथिनं कमी पडतात, मशीन ती धुवून नेतं, अंडी द्या. आता गळ्यात माळ असलेली बाई अंडं खाईल का? डाळ जास्त नको, कारण पोटॅशियम. दूध जास्त नको, कारण फॉस्फरस. मग काय द्यावं, तर त्या बाईही पेन टेबलावर आपटत बसल्या. आणि इथं खोक्यावर प्रथिनं चक्क छापलेली. मग मी खालची ओळ वाचली. सोडियम, पाचशे चाळीस मिलिग्रॅम.

हिशेब मांडला. अख्खा पिझ्झा तीनशे वीस ग्रॅम. त्यात सोडियम सतराशे अठ्ठावीस. डॉक्टरांनी दिवसभराचं सगळं मिळून दोन हजाराच्या आत ठेवायला सांगितलेलं. आठ तुकडे केले तर एकात दोनशे सोळा. म्हणजे दोन तुकडे द्यायचे आणि त्या दिवशीची भाजी-भाकरी अळणी करायची. फॉस्फरस किती, ते तर खोक्यावर लिहिलेलंच नाही. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, चीज आहे म्हणजे असणारच, भरपूर असणार. जी गोष्ट तिला वाचवणार तीही त्याच खोक्यात आणि जी मारणार तीही त्याच खोक्यात, आणि माझ्याकडं दोन्ही वेगळं करणारी नळी नाही.

पण मी तसा प्रयत्न केला, हे तुला सांगायला लाज वाटते. आपल्याकडं बटाटा, दोडका असं काही करायचं तर आधी चिरून कोमट पाण्यात भिजत घालायचं, ते पाणी फेकायचं, पुन्हा दुसरं घालायचं, असं त्या बाईंनी शिकवलं होतं, म्हणजे क्षार उतरतात. मी म्हटलं, चीजचंही मीठ उतरेल. पिझ्झ्यावरचं सगळं चीज चमच्यानं खरवडलं, वाटीत कोमट पाण्यात तासभर ठेवलं, गाळलं, पुन्हा पाणी घातलं. हाती काय आलं म्हणशील, तर चुन्यासारखा गोळा. तो पावावर थापून भाजला आणि ताट तिच्यापुढं ठेवलं. तिनं ताटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "दुधात पानी घालनारे लई बघितले. चीज पान्यात घालून धुनारे तुमीच पैले." आणि हसली. हसता हसता खोकला लागला, डोळ्यातून पाणी आलं. त्या दिवसाची आठवण मी जपून ठेवली आहे, कारण त्यानंतर ती तशी हसली नाही.

ते पाणी फेकण्याचं तिला फार लागायचं, कौसा. स्वतःला प्यायला दिवसाचं पाऊण लिटर, औषधाच्या गोळ्यांसकट. डॉक्टरांनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, डाक्टरसाहेब, आमचा सारा जलमच तसा गेला, आता कागदावर लिवून दिलंत एवढंच. आणि तिच्या एका भाजीपायी दोन तांबे पाणी फेकायचं. शेजारणी टँकरच्या नळीखाली घागरीला घागर लावून भांडतात आणि ही घरात बसून बटाट्याचं पाणी ओतून देताना बघते. म्हैस होती तोवर ते पाणी म्हशीला जायचं. म्हैस चारा छावणीत नेऊन बांधली, तसं ती मला म्हणाली, आता माज्या पायी पानी मातीत चाललं. मी म्हणालो, मातीत गेलेलं पाणी वाया जात नसतं. कवितेत शोभेल असं काहीतरी बोललो.

कवितांवरून आठवलं. सोमवार-गुरुवार चार-चार तास मशीनवर पडून राहायचं, तेव्हा मी तिच्या उशाशी स्टूल घेऊन शाळेतल्या कविता म्हणायचो. तुला ठाऊक आहे, तिला अक्षर येत नाही, पण पन्नास वर्षं ऐकून तिला त्या माझ्यापेक्षा पक्क्या पाठ. मी एखादी ओळ गाळली की डोळे मिटल्या मिटल्या ती ओळ पुरवणार. पलीकडच्या खाटेवरचे नांदूरघाटचे धुळाजी म्हणायचे, वहिनी, तुमी मास्तर व्हायला पायजे व्हता, हे नापास झाले असते. गुरुजींनी आम्हाला कविता बाकावर ठेका धरून शिकवल्या. त्यांत पाणी फार असायचं. ओढे, झरे, भरलेल्या विहिरी. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडताना दोन्ही हातांत सरकारी सुकडी घेऊन रांगेतून बाहेर येणारी ही पोरगी मी पहिल्यांदा पाहिली, तेव्हाही माझ्या डोक्यात झऱ्याचीच कविता चालू होती. सुकडीत काय काय आहे, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. पोटात जात होती, तेवढं पुरे होतं.

आता एक कबूल करतो. तू अंगावर पीत होतीस, म्हैस नुकती व्यालेली होती. तिनं मला विचारलं, सकाळच्या दुधातलं पेलाभर ठेवून घेऊ का, अंगात ताकद न्हाई. मी संस्थेचा माणूस. फॅट लावणाऱ्याच्या घरचं दूध कमी आलं तर गाव काय म्हणेल, असं म्हणालो. दूध घरून पूर्ण जायचं. आमच्या दुधाची फॅट साऱ्या गावात वरचढ लागायची आणि मी ती मोठ्यानं वाचून दाखवायचो. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. पातेल्याच्या तळाचं तेवढं राहायचं, ते तुला. पुढं संस्था बुडाली, यंत्र गंजलं, आणि चाळीस वर्षांनी तेच दूध खोक्यात गोठून, मागं आकडे छापून आमच्या घरी परत आलं, तेव्हाही मी तिच्या तोंडाशी हात आडवा धरून उभा. दोनच तुकडे. तिसरा नको. सोडियम.

गेल्या सोमवारची गोष्ट सांगतो, म्हणजे आठवड्यापूर्वीची, सहा तारखेची. आम्ही नेहमीसारखे बीडला उतरलो. मी दवाखान्याची रिक्षा बघत होतो आणि ही मांजरसुंब्याच्या जीपमध्ये जाऊन बसली. म्हणाली, कपिलधारला जाऊ. मी म्हटलं, वेळ चुकेल, मशीन दुसऱ्याला देतील. म्हणाली, देऊ द्या. लग्न झाल्यावर पहिल्या श्रावणात आम्ही तिथं गेलो होतो. धबधब्याची धार अशी कोसळत होती की बोललेलं ऐकू येईना, आणि मी नवी नवरी शेजारी असल्यानं कविता ओरडून म्हणत होतो. या खेपेला तिथं नुसता काळा कातळ. खाली कुंडात शेवाळ वाळून पापुद्रे सुटलेले. देवळाच्या सावलीत बसलो. पिशवीत कागदात गुंडाळून तिनं आदल्या दिवशीचे पिझ्झ्याचे तुकडे आणले होते. मी मोजले. सहा होते. तिनं एकेक करून सावकाश सगळे खाल्ले. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आकडा सांगू नका." मग हात पुसून म्हणाली, "आता मला त्या मशीनवर न्यायचं न्हाई. मी थकले. तुमी भांडू नका, आन् लेकीला फोन करू नका. ती येऊन रडंल, मग मला जावं लागंल."

मी कविता सुरू केली, तीच झऱ्याची. तिसऱ्या कडव्यात अडलो, खरंच अडलो. वाट बघितली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिनं ओळ दिली नाही. कातळाकडं बघत बसली होती.

गुरुवारी गेलो नाही. काल सोमवारी गेलो नाही. मधल्या शनिवारी मी घरी बाजाराला जातो सांगून एकटा बीडला डॉक्टरांकडं जाऊन आलो. त्यांनी खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, काका, जबरदस्ती करता येत नाही. किती दिवस, विचारलं. म्हणाले, शेवटचं डायलिसिस दोन तारखेला झालंय, त्यानंतर दोन आठवडे, कुणी तीन काढतं, सांगता येत नाही. तिचे पाय सुजले आहेत, अंगठ्यानं दाबलं तर खळगा राहतो. आडवी झाली की धाप लागते, म्हणून भिंतीला तीन उशा लावून बसवली आहे. तू गुरुवारी संध्याकाळी फोन केलास तेव्हा तिनं काय सांगितलं, तुला आठवत असेल. आले बाई जाऊन, बरी हाय. तुझ्या आवाजावरून तुला ते खरं वाटलं, हे मला कळलं. मी शेजारी बसून होतो. तिला दिलेला शब्द मला पाळायचा होता.

तर कारण हे, कौसाबाई. फोनवर ती माझ्या शेजारीच असते, स्पीकर लावायला सांगते, सगळं ऐकते. कागद मात्र तिला वाचता येत नाही, म्हणून हे लिहिलं. फोन करू नका म्हणाली होती, पत्राचं बोलली नव्हती. एवढीशी फट सापडली मला. डबा परत पाठवतो असं सांगून रिकाम्या थर्माकोलमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत हे घालून बंकटच्या हाती देतो आहे. उद्या सकाळी मिळेल. मिळाल्याबरोबर ईश्वरीला घेऊन नीघ. सुट्टी आहे म्हणून आलो, असंच सांग. तुला तिचं मन वळवता आलं तर वळव, तिला अडवलंस म्हणून कुणी रागावणार नाही. मला ते जमलं नाही. आणि नाहीच वळलं, तर रडू नकोस, तिच्याजवळ बस. घरात आता एकच पिझ्झा राहिला आहे. येताना आणखी आण, चार-पाच आण, तव्यावर कड करपेपर्यंत भाजू. फक्त वरचे खोके तिकडंच काढून ठेव.

तुझाच,
आण्णा