प्रश्न क्रमांक अकरा

१ मार्च, रविवार. सकाळी ७.
नवी वही. आजपासून रोज लिहिणार. थोडं लिहिणार, पण मुद्द्याचं.

काल लेकीचा, ईश्वरीचा फोन. नेदरलँड्सचं नागरिकत्व हवं तर तिथे परीक्षा द्यावी लागते म्हणे. शेजाऱ्यांशी कसं वागावं, देशाची मूल्यं कोणती, वगैरे. बायको, विनया, तीन महिन्यांसाठी तिच्याकडेच गेली आहे. लेकीला स्पष्ट सांगितलं, परीक्षा पास हो, पण घरात वरण-भातच. आपण आपलं सोडायचं नाही.

फोन ठेवला आणि वाटलं, अशी परीक्षा आपल्या विद्याधर नगरात का नाही? समोरच्या घरात जानेवारीपासून नवं कुटुंब आलंय. जयंती, तिचा नवरा आणि सासू. सीमेपलीकडच्या थरपारकरचे. त्यांना गेल्या महिन्यात भारताचं नागरिकत्व मिळालं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले. पेढे चांगले होते. पण पेढ्यांनी कुणी इथलं होत नाही. त्याला वेळ लागतो. मलाच मराठी मुलूख सोडून बदलीवर इथे येऊन एकोणीस वर्षं झाली.

संकल्प: नव्या रहिवाशांसाठी 'साझा मूल्य' प्रश्नावली. वीस प्रश्न. १५ तारखेच्या कॉलनी मीटिंगमध्ये मंजूर करून घेणे. संयोजक अर्थातच मी. विमा कंपनीत एकतीस वर्षं फॉर्मच तर केले.

४ मार्च. धुळवड.
नऊ प्रश्न तयार. कॉलनीचे अध्यक्ष शेखावतजी मंडळी घेऊन रंग खेळायला बोलवायला आले, दोनदा बेल वाजवली. दार उघडलं नाही. 'स्थानिक सणांतील सहभाग' हा प्रश्न लिहीत होतो.

संध्याकाळी गच्चीतून पाहिलं. जयंतीची सासू शेखावतजींच्या आईबरोबर गाणी म्हणत होती. दोघी एकमेकींचे शब्द पुरे करत होत्या. मला एकही कळला नाही. नोंद: या कुटुंबाला भाषेची मदत लागेल.

७ मार्च.
वीस प्रश्न पूर्ण. अकरावा (बास्योडा म्हणजे काय? त्या दिवशी घरात काय पाळतात?) इंटरनेटवरून घेतला. उत्तरपत्रिका शेवटी करू. उत्तरं काय, मला येतातच.

१० मार्च, मंगळवार.
पहिली प्रत जयंतीला द्यायला गेलो. ती कढईपुढे होती, गोड पुए तळत. म्हणाली, अंकल, आज फुरसत नाही, उद्या चूल बंद, सगळं आजच करून ठेवायचंय. गॅसची अडचण दिसते. खोदून विचारलं नाही, लोकांना ओशाळवाणं होतं. परत येताना पाहिलं तर गल्लीभर तळण चाललेलं. म्हणजे अडचण सगळ्यांचीच. माझा सिलिंडर मात्र भरलेला आहे. नियोजन म्हणतात ते हे.

विनयाचंही असंच. दरवर्षी मार्चमध्ये एक दिवस तिला स्वयंपाकाचा कंटाळा येतो आणि आदल्या दिवशीचं गार पुढ्यात येतं. एकोणीस वर्षं मुकाट्यानं खाल्लं. या मार्चमध्ये ताजं खाणार.

११ मार्च. सकाळी ९.
कुकर लावला. शेजारच्या शेगडीवर गोड्या मसाल्याची आमटी. आज गल्लीत कमालीची शांतता. तीन शिट्ट्या. समोरच्या बाल्कन्यांत माणसं आली. मी हात केला.

९.२०.
कॉलनीच्या ग्रुपवर शेखावतजींनी विचारलं, आज किसके यहाँ सीटी बजी? मी लगेच लिहिलं, नये लोग होंगे, इसीलिए प्रश्नावली ज़रूरी है. तेवढ्यात चौथी शिट्टी झाली.

९.२५.
दारात जयंती, हातात झाकलेलं ताट. आत आली ती सरळ स्वयंपाकघरात, दोन्ही शेगड्या बंद केल्या. मग सांगितलं, आज शीतलामातेचा दिवस, बास्योडा. घरोघरी कालचं गार खायचं, चूल पेटवायची नाही. तिकडे थरपारकरलाही पाळायचे. विनयाचा तिला फोन आला होता, यांना काही माहीत नसतं, ताट पाठव म्हणून.

ती गेल्यावर प्रश्नावली काढली. अकरावा प्रश्न. माझ्याच अक्षरात.

१०.४०.
ग्रुपवर जयंतीचा मेसेज: 'सीटी हमारे यहाँ की थी. माफ़ी.'

तीनदा वाचला. लाज वाटली. खरं काय ते लिहायला घेतलं, मग पुसलं. चार दिवसांवर मीटिंग आहे. पुए गार असूनही चांगले होते, पण ताट परत झाकून ठेवलं.

१२ मार्च.
प्रकरण मिटलं. तिनं स्वतःहून लिहिलं, मी काही सांगितलं नव्हतं. शिवाय मोठ्या कामात अशा लहान गोष्टी होतात. आमटी फ्रीजमध्ये आहे. गरम करायचं धाडस झालं नाही.

१५ मार्च. मीटिंगनंतर.
प्रश्नावली एकमतानं मंजूर. टाळ्या. मी आभार मानायला उठलो, तेव्हा शेखावतजींनी हात धरून बसवलं. हसत म्हणाले, "साहब, सीटी तो किसी की भी हो सकती है. पर वो मसाला पूरी गली में एक ही घर का है."

सगळे हसले, जयंती सोडून. ती खाली बघत होती. मग मी परत उठलो आणि सांगितलं की शिट्टी माझी होती, चारही, आणि ग्रुपवर नव्या लोकांवर ढकललं तेही मीच. तोवर ते सगळ्यांना ठाऊकच होतं. तरी सांगितल्यावर बरं वाटलं.

शेखावतजींनी उत्तरपत्रिका मागितली. कोरी होती. ती भरायचं काम जयंतीला दिलं, तीच संयोजक. पहिला उमेदवार म्हणून माझं नाव कुणी सुचवलं ते ऐकू आलं नाही. अनुमोदन मात्र बऱ्याच जणांनी दिलं.

१७ मार्च.
जयंतीच्या ओट्यावर पेपर दिला. वेळ एक तास. तिची सासू समोर बसून शेंगा सोलत होती. दोनदा खुणेनं उत्तर सुचवलं, मला खूण कळली नाही.

वीसपैकी सात. अकरावा बरोबर.

जयंती म्हणाली, "फिर से दे देना, अंकल. बस, उस दिन खाना खाकर मत आना, यहीं खाना."

संध्याकाळी ईश्वरीचा फोन. पास झाली. मागून विनयानं विचारलं, तुमच्या त्या परीक्षेचं काय झालं? मी सांगितलं, निकाल राखून ठेवला आहे.