थेंब पडलाच पाहिजे

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी स्वराला पालघरला कॉलेजला सोडून आलो. सालवडला बिल्डिंगखाली गाडी लावली तर पुढच्या डाव्या फोर्कच्या दांडीवर तेलाची बारीक रिंग. बोटाने पुसली, वास घेतला. फोर्क ऑइल. म्हणजे सील गळतंय.

काळजीचं कारण नाही. एकोणीस वर्षं एमआयडीसीत मेंटेनन्सला काढली. पंपाची सीलं, रिॲक्टरची सीलं, हजारभर तरी या हातांनी बदलली असतील. मोटरसायकलचं सील म्हणजे पोरखेळ. येत्या रविवारी तासाभरात उरकतो.

कंपनीत प्रत्येक पंपाचं हिस्ट्री कार्ड असतं. गाडीचंही असावं, म्हणून ही वही काढली. दुसऱ्या कुणी वाचायची नाही.

१० ऑगस्ट, रविवार

सील बदललं नाही. आधी निरीक्षण, मग निदान, मग काम. घाई करतो तो मेकॅनिक, विचार करतो तो मेंटेनन्स.

हँडल दहा वेळा दाबलं आणि घड्याळ लावून खाली उकिडवा बसलो. मिनिटाला दोन थेंब.

आता यात एक गोष्ट सामान्य माणसाला कळत नाही. पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट जिथून बाहेर येतो त्या तोंडातून, थेंब पडलाच पाहिजे. त्या थेंबाने शाफ्ट थंड राहतो. थेंब थांबला की समजायचं, आत कोरडं पडलं, आता शाफ्ट जळणार. आमचा हेल्पर बन्सी नवा होता तेव्हा त्याने पाना लावून ग्लँड कचकचून आवळली होती. त्याला मी हेच सांगितलं होतं. तेव्हापासून तो मला उस्ताद म्हणतो.

मिनिटाला दोन थेंब म्हणजे तब्येत उत्तम. दीपाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, मग पार्किंगची फरशी पण तुम्हीच पुसा.

१२ ऑगस्ट

स्वरा मागे बसली की उमरोळी येईपर्यंत तोंड बंद नाही. फिजिक्सचे सर फळ्याशीच बोलतात. आईने डब्यात परत भेंडी दिली. मैत्रीण हेमालीने नवी स्कूटर घेतली. आणि शेवटी न चुकता, पप्पा, सील बदला, माझ्या पांढऱ्या सलवारवर डाग पडतात. रोज. टेपच.

घरी ती मोबाईलमध्ये डोकं घालून. दिवसभरात माझ्याशी बोलते ती या जाण्याच्या अर्ध्या तासातच. मी हेल्मेटमधून नुसतं हं हं करतो, पण खरं सांगायचं तर मला ते फार आवडतं. हिस्ट्री कार्डात असलं लिहायचं नसतं. लिहिलं.

१७ ऑगस्ट, रविवार

यूट्यूबवर एक युक्ती मिळाली. फिल्मची पातळ पट्टी सील आणि दांडीच्या मधे सरकवून फिरवायची, अडकलेली माती बाहेर येते. घरात फिल्म म्हणजे माझ्या छातीचा एक्स-रे, कंपनीच्या मेडिकलचा. कोपऱ्यातली एकच पट्टी कापली.

माती निघाली. तेलही जोरात निघालं. मिनिटाला पाच थेंब. मार्ग मोकळा झाला म्हणायचं.

२३ ऑगस्ट

कुंभवलीच्या रस्त्याला कमलेशचं गॅरेज आहे. हवा भरायला थांबलो. त्याने न विचारता फोर्कच्या दांडीवरून नख फिरवलं. म्हणाला, साहेब, सील बदलून नाय भागणार, आदी पाईप बगायला पायजे, खारी हवा हाय इथली. गाडी सकाळी टाका, दुपारी न्या.

दांडीला हे लोक पाईप म्हणतात. माणूस सरळ आहे, पण मोटरसायकलच्या बाहेरचं जग त्याने पाहिलेलं नाही. मी आभार मानले. हवाच भरली.

२७ ऑगस्ट

गणपती. शुभ दिवशी खोलाखोली नको.

३१ ऑगस्ट, रविवार

पाहुणे.

५ सप्टेंबर

तात्पुरती व्यवस्था केली. कपाटात स्वराचा शाळेतला मोजा सापडला, निळ्या पट्टीचा, पाचवी-सहावीतला असेल. वरचा कपडा कापून दांडीभोवती घट्ट बसवला. तेल पितो. प्लँटमध्ये पाईपच्या गळत्या जोडाखाली ट्रे ठेवतो, तीच कल्पना.

दीपाने पाहिलं. तो जोड तिने जपून ठेवला होता म्हणे. मला काय माहीत. दुसरा पाय शिल्लक आहे, असं सांगितलं. तिने कपाटाचं दार आपटलं.

स्वरा मात्र हसली. उमरोळीपर्यंत हसत होती.

१४ सप्टेंबर, रविवार

सकाळी ९.००. महाऑपरेशन. सील आणलं, तेल आणलं, कंपनीतून गेट पास करून पाने आणले. पासवर कारण लिहिलं, ‘सील रिप्लेसमेंट’. खोटं काहीच नाही.

११.३०. चाक निघालं. फोर्कच्या बुडाचा बोल्ट नुसता जागच्या जागी फिरतो. विचार चालू.

दुपारी १.४०. विचार चालू. स्वरा पायरीवर पुस्तक घेऊन बसली आहे. पाना देऊ का विचारते. दे म्हटलं. दुसराच दिला, तरी काही बोललो नाही.

३.१५. निघाला! जुनं सील दगडासारखं कडक. दांडीवर गंजाचे बारीक खड्डे दिसले. पंपाच्या शाफ्टवरच्या स्लीव्हला ओरखडे असले की आम्ही एमरी पेपर, म्हणजे घासायचा कागद, मारतो. तसा अर्धा तास मारला. आरसा! त्यात माझं तोंड दिसलं.

६.३०. नवं सील पीव्हीसी पाईपचा तुकडा ठोकून बसवलं. तेल दीपाच्या मापाच्या भांड्याने मोजलं. ती ते भांडं आता घरात घेणार नाही म्हणते.

रात्री ८.००. एक थेंब नाही. नखाएवढी शंका नाही. एक वॉशर उरला आहे, तो गाडीच्या कंपनीनेच जादा दिलेला असणार.

१७ सप्टेंबर

कोरडं ठणठणीत. मेडिकलला डॉक्टरांनी मागच्या वर्षीचा एक्स-रे मागितला. कोपरा पाहून विचारलं, हे काय. म्हटलं, उंदीर.

१९ सप्टेंबर

बारीक रिंग. सील अजून अंगवळणी पडतंय. नव्या सुनेला वेळ द्यावा लागतो.

२४ सप्टेंबर

मिनिटाला नऊ थेंब. मोजा परत चढवला. सील डुप्लिकेट निघालं. बाजारात हल्ली खरं काही मिळतच नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. कंपनीत पंपांची पूजा केली, घरी गाडीची. हँडलला झेंडूची माळ घातली, ती खाली लोंबली आणि संध्याकाळपर्यंत तेलाने काळी पडली. दीपा म्हणाली, गाडीने प्रसाद दिला.

स्वरा आज सोनं द्यायला आली तेव्हा परत तेच, पप्पा, आता तरी कमलेशकाकांकडे टाका. सणाच्या दिवशी मी वाद घालत नाही. पुढच्या रविवारी उजव्या बाजूचंही सील बदलणार, म्हणजे दोन्ही बाजू समान होतील.

८ ऑक्टोबर

लिहायचं नव्हतं.

उमरोळीच्या पुढे टेम्पो अचानक थांबला. पुढचा ब्रेक दाबला. ब्रेकची डिस्क डाव्याच बाजूला आहे. तिच्यावर तेल. ब्रेक लागलाच नाही. टेम्पोच्या मागच्या फळीला हलकेच टेकलो. हलकेच. स्वरा कडेला पडली. गुडघा सोलवटला, सलवार फाटली.

ती रडली नाही. उठून आधी डिस्कवरून बोट फिरवलं, मला दाखवलं. मग म्हणाली, “पप्पा, मला नाही जमलं, एवढं म्हणायला काय लागतं?”

मी टेम्पोवाल्याशी भांडायला गेलो. त्याचा ब्रेक लाइट बंद होता. असावा.

९ ऑक्टोबर

स्वरा आज हेमालीच्या स्कूटरवर गेली. गुडघा दुखतो म्हणून. दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे.

ब्रेकचे पॅड पेट्रोलने धुतले. हँडलला कंपनीतला टॅग लावला, ‘काम चालू आहे, हात लावू नये’. यामुळे शिस्त येते. रोज टॅग काढून कंपनीत जातो, आलो की परत लावतो.

१६ ऑक्टोबर

गुडघा बरा झाला. हेमालीला सोबत हवी असते म्हणून जाते. चांगलं आहे, पोरींनी एकमेकींना धरून राहावं.

मी सवयीने सव्वासहाला उठतो. खिडकीतून स्कूटर दिसते. स्वरा मागे बसून बोलत असते. हात हलवून हलवून.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. फरशीवरच्या तेलाच्या डागाभोवती बिल्डिंगमधल्या कुणीतरी रांगोळी काढली. मी मनाला लावून घेतलं नाही.

३ नोव्हेंबर

आनंदाची बातमी. मिनिटाला तीन थेंब. मी हात न लावता. सील शेवटी बसलं. धीर धरणाऱ्याचंच खरं, हे कमलेशला एकदा जाऊन सांगायला हवं.

९ नोव्हेंबर, रविवार

दहा वेळा दाबून एक थेंब. उजव्या बाजूचं सील आज बदलणार होतो, आता गरज नाही.

१५ नोव्हेंबर

शून्य. मोजा कोरडा. काढून धुतला, डाग गेला नाही. कपाटात होता तिथे ठेवला.

आणखी एक सुधारणा नोंदवतो. स्वरा गाडीबद्दल आता काहीच बोलत नाही. सील बदला नाही, डाग नाही, कमलेशकाका नाही. महिना झाला. घरात शांतता आहे. म्हणजे तिलाही पटलं.

गाडी खड्ड्यात जरा ठक् करते. रस्ते खराब आहेत.

२२ नोव्हेंबर

१ डिसेंबरपासून स्वराची प्रीलिम. जेवताना जाहीर केलं, पहिल्या पेपरला मी सोडणार, गाडी एकदम कोरडी आहे. स्वरा म्हणाली, बघू. दीपाने माझ्याकडे पाहिलं आणि भात वाढला. मी नको म्हटलं नव्हतं, हवाही म्हटलं नव्हतं.

‘बघू’ म्हणजे हो. तिच्या आईचंही लग्नाआधी ‘बघू’च होतं.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी १०.००. गाडी धुतली. टॅग कायमचा काढला. मागची सीट दोनदा पुसली. आता कुंभवलीला जाऊन कमलेशला दाखवून येतो. मोठेपणा म्हणून नाही. त्याला शिकायला मिळेल.

दुपारी १.००. कमलेशला म्हटलं, बघ, पंधरा दिवस एक थेंब नाही. त्याने हँडल दाबलं. गाडी ठक् करून खाली बसली आणि टणकन वर आली. मग त्याने पाना घेतला, वरचं झाकण खोललं, आत एक लांब तार घातली, बाहेर काढली. तार कोरडी.

“साहेब, आत काय ऱ्हायलंच नाय, तर गळणार काय?”

त्याने दांडीवरून नख फिरवलं आणि विचारलं, हिला एमरी कोनी मारली, वरचा क्रोम पार गेला. मी म्हटलं, आधीच्या मेकॅनिकने. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. पाईपच नवा टाकायला लागणार म्हणाला, पालघरवरून मागवायचा, दोन दिवस. उद्या सकाळपर्यंत जमेल का विचारलं. त्याने मान हलवली. गाडी तिथेच ठेवली, चालत आलो.

सात किलोमीटर असेल. नसेलही. तेवढं वाटलं खरं.

१ डिसेंबर, सोमवार

सकाळी सव्वासहा. गाडी नाही हे सांगायला स्वराच्या खोलीशी गेलो. भाषण तयार केलं होतं. मला नाही जमलं, असं शेवटी म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो. ती बूट घालत होती. म्हटलं, अगं, आज गाडी जरा… ती म्हणाली, माहीत होतं पप्पा, हेमालीला कालच सांगून ठेवलंय. चिडून नाही. छान समजुतीने. गेली.

रात्री. कमलेशचा फोन आला, पाईप आला, उद्या गाडी मिळेल. सील, पाईप, पॅड, सगळं नवं.

संध्याकाळी स्वरा आली तेव्हा मी पेपर कसा गेला विचारलं. बरा, म्हणाली. मग मी फिजिक्सच्या सरांचं विचारलं. ते ऑगस्टमध्येच कॉलेज सोडून गेले, म्हणाली, आता मॅडम आहेत. ऑगस्टमध्ये. म्हणजे तिने मला सांगितलं असणार, मागे बसून, आणि मी हं म्हटलं असणार. मग हेमालीची स्कूटर कशी चालते विचारलं. छान.

मी आपला तिच्यासमोर बसून राहिलो. समोर भिंतीवर घड्याळ होतं. थेंब मोजायला बसतो तसा पाच मिनिटं थांबलो.

काही नाही.